हळदीचे पैसे आणि फ्रान्सचं एक सेमिस्टर

पत्र (थोडं कापून)

मावशी, मी मिरज तालुक्यातल्या एका गावची. पुण्यात फ्रेंच घेऊन बी.ए. करते, दुसरं वर्ष. आमच्या कॉलेजचा फ्रान्समधल्या दोन विद्यापीठांशी करार आहे, एक पॅरिसमधलं आणि एक क्लेर्माँ-फेराँमधलं. सप्टेंबरच्या सेमिस्टरसाठी मार्चअखेर नावं पाठवायची आहेत आणि माझं नाव पहिल्या चारात आहे. तिथली फी माफ, पण बाकी सगळं आपलं आपण. आमची अडीच एकर जमीन. एकरभर हळद, बाकी ऊस. सांगलीतल्या एका एजंटाने नऊ लाखांचा आकडा सांगितला, त्यात दीड लाख त्याचे. काका म्हणतात, रस्त्याकडेची अर्धा एकर काढून टाकू. आई पाटल्या मोडायला निघालीय. वडील काहीच बोलत नाहीत. एकदाच म्हणाले, "चार महिन्यांत काय दिवे लावणार?" मी नाव मागे घेऊ का? जाणं झालंच तर आई विचारते, बरोबर काय काय द्यायचं.
— हळदवाल्याची मुलगी

उत्तर

नाव मागे घेऊ नकोस. निदान मार्चअखेरपर्यंत तरी नको. नाव पाठवायला पैसे पडत नाहीत आणि मागे कधीही घेता येतं.

दुसरं, त्या एजंटाला उद्याच नमस्कार कर. करारावरची जागा तुझ्या कॉलेजकडून तिथल्या विद्यापीठाला जाणाऱ्या नावावर ठरते, त्यात तिसऱ्या माणसाचं काही काम नाही. कागदपत्रांची माहिती कॅम्पस फ्रान्सकडे, म्हणजे तिकडे शिकायला जाणाऱ्यांसाठीच्या फ्रेंच सरकारी संस्थेकडे, फुकट मिळते, त्यांचं ऑफिस पुण्यात आहे, तुझ्या कॉलेजपासून रिक्षाच्या अंतरावर. तो दीड लाख कशाचे घेणार, हे मला खरंच कळलेलं नाही. फॉर्म भरायचे म्हणावेत, तर तू फ्रेंच शिकतेस की तो?

आता खरी गोष्ट. तुझ्या घरी सगळे "किती" वर अडकलेत. नऊ लाख, अर्धा एकर, पाटल्या. मला विचारशील तर प्रश्न "कधी"चा आहे. कुठल्या महिन्यात किती पैसे लागणार, आणि ते कोणाच्या खात्यावर असायला हवेत, एवढं एका वहीत मांडलंस की जमीन विकायची वेळच येत नाही. हे मी शहाणपणाने सांगत नाही, ठेच खाऊन सांगते. मी १९९४ साली फ्रान्सला गेले, तेव्हा युरो नव्हता, फ्रँक होता, साधारण सहा रुपयांना एक. मला प्रवासाचं अनुदान मंजूर झालं होतं, कागद हातात होता, घरात पेढे वाटून झाले होते. पैसे आले मी परत येऊन सहा महिने झाल्यावर. मधल्या काळात आत्याने कर्ज काढून मला ट्रॅव्हलर्स चेक घेऊन दिले. अनुदानात कमी काहीच नव्हतं, फक्त तारीख चुकली होती. त्या तारखेचं व्याज आत्याने भरलं.

तर हिशेब. पॅरिस सोडून दे. पॅरिसमधल्या खोलीच्या भाड्यात क्लेर्माँमध्ये माणूस राहतो, जेवतो आणि वर ट्राममधून हिंडतो. मिशेलिन टायरवाल्यांचं गाव आहे ते, आजूबाजूला विझलेले ज्वालामुखी. शिवाय तिथे तुझ्याशी इंग्रजीत बोलायला कोणी उत्सुक नसेल, आणि तू त्यासाठीच तर चाललीस.

सप्टेंबर ते जानेवारी असे पाच महिने धर. खोली विद्यापीठाच्या मदतीने क्रूसच्या, म्हणजे विद्यार्थ्यांच्या राहण्याजेवणाची सोय बघणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेच्या, वसतिगृहात मिळाली तर तीनशे युरोच्या आसपास. जेवणखाण दोनशे. क्रूसच्या मेसमध्ये दुपारचं पूर्ण ताट साडेतीन युरोच्या आत मिळतं, रात्री खोलीवर भात-आमटी. फोन, पास, धुणं, किरकोळ यांना सत्तर. म्हणजे महिन्याला ५७० युरो. युरो मी १०५ रुपयांना धरते, तू जायच्या वेळचा भाव घाल. महिन्याला साठ हजार झाले. पाच महिन्यांचे तीन लाख. शिवाय पोचल्या पोचल्या पांघरूण, भांडी, खोलीचा विमा असले तीनशे युरो, म्हणजे एकतीस-बत्तीस हजार. विमानाचं येण्याजाण्याचं तिकीट सत्तर हजार. व्हिसा, कॅम्पस फ्रान्सची प्रक्रिया, भाषांतरं, हेलपाटे यांना वीस. प्रवासविमा दहा, गरम कपडे आणि बाकी सामान पंधरा. बेरीज कर: साडेचार लाखांच्या जरा आतच. खोलीची अनामत तीनशे युरो वेगळी, ती निघताना परत मिळते.

आणि एक वजाबाकी, जी कोणीच करत नाही. हे पाच महिने तू पुण्यात असतीस तर खानावळ आणि खोलीला पैसे लागलेच असते ना? महिन्याला दहा हजार धर, पन्नास हजार गेले. उरले चार लाख. नऊचे चार झाले, आणि अजून आपण कोणापुढे हात पसरलेला नाही.

हे चार लाख एकदम लागत नाहीत, हे वडिलांना वहीवर दाखव. मार्चमध्ये शून्य. मे-जूनमध्ये तिकीट आणि कागदपत्रं. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, अनामत आणि पहिल्या महिन्याचा सगळा खर्च धरून, दोन लाख चाळीस हजारांच्या आसपास बाहेर जातील. पुढचे चार महिने साठ-साठ हजार, घरून दरमहा पाठवायचे. परदेशी पाठवलेल्या पैशांवर बँक टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते म्हणून काका घाबरवतील. ते कापणं वर्षाला १० लाखांच्या वर सुरू होतं, तुला लागू नाही.

मधे एक घाट आहे, तो म्हणजे व्हिसा. तिथे खर्चाचे नाही, दाखवायचे पैसे लागतात. फ्रान्सच्या विद्यार्थी व्हिसासाठी महिन्याला ६१५ युरोची सोय दाखवावी लागते. पाच महिन्यांचे ३०७५ युरो, म्हणजे आपल्या भावाने सव्वातीन लाखांना जरा कमी. हे पैसे जून-जुलैत वडिलांच्या नाहीतर तुझ्या खात्यात दिसायला हवेत, आणि ते शांतपणे बसलेले दिसायला हवेत. आपल्याकडची रीत अशी, की अर्जाच्या आदल्या दिवशी काकाने दोन लाख, मामाने एक लाख टाकायचे आणि पावती घेऊन पळायचं. ते खातं तपासणारा माणूस रोज अशी शंभर खाती बघतो. तीन वर्षं चाळीस हजारांच्या वर न गेलेल्या खात्यात एका सकाळी तीन लाख आले, तर त्याला विचारायला काही उरतच नाही.

शेतकऱ्याच्या घरी आणखी एक अडचण असते: इन्कम टॅक्सचं रिटर्न नसतं. शेतीच्या उत्पन्नाला कर नाही, म्हणून कागद नाही. कागद नाही म्हणून उत्पन्न नाही, असं समोरच्याला वाटतं. तर आजपासून फाइल कर. सातबारा आणि आठ-अ, कारखान्याची तीन वर्षांची ऊसबिलं, आडत्याकडच्या हळदीच्या पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या पावत्या. त्या पट्ट्या वडिलांनी कुठे ठेवल्यात ते मी न बघता सांगते: देवघराच्या फळीवर, कॅलेंडरच्या मागे, तारेला टोचून. काढ त्या. या वर्षीची हळद विकली की पैसे रोख घेऊ देऊ नकोस, खात्यावर घ्यायला लाव. पट्टीवरचा आकडा आणि पासबुकातला आकडा एकमेकांना भेटले पाहिजेत. सीएकडून उत्पन्नाचा दाखला घे, आणि मराठी कागदांचं इंग्रजी किंवा फ्रेंच भाषांतर वेळेत करून ठेव.

आता हळदीकडे. तू लिहिलं नाहीस, पण एकरभर हळदीची वाळून, पॉलिश होऊन पंचवीस क्विंटल तरी होत असावी. सगळी एकदम मार्चमध्ये सौद्याला काढायची गरज नाही. बाजार समितीमार्फत शेतमाल तारण योजना चालते. माल गोदामात ठेवायचा, त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज घ्यायचं, व्याज वर्षाला ६ टक्के, मुदत सहा महिने. क्विंटलला पंधरा हजारांचा भाव धरला तर पंचवीस क्विंटलचे पावणेचार लाख, त्यावर दोन लाख ऐंशी हजार मिळतात. सहा महिन्यांचं व्याज साडेआठ हजारांच्या आत. भाव चढला तर मधेच विकून मोकळं व्हायचं. वडिलांना ही योजना माहीत असेलच. त्यांना बहुधा एवढंच सुचलं नसेल की ती मुलीच्या शिक्षणालाही चालते, कारण पैसे कशाला हवेत हे समिती विचारत नाही.

हरिपूरला आमच्या आजोबांचं एक पेव होतं. जमिनीत वीस-पंचवीस फूट खोल, वरून तोंड लिंपून घेतलेलं, आत दोन-दोन वर्षं हळद राहायची आणि कीड लागायची नाही. भाव पडला की आजोबा पेव लिंपायचे आणि गप्प बसायचे. उघडायचे ते भाव आल्यावर, नाहीतर घरात लग्न निघाल्यावर. २००५ च्या पुरात हरिपूरची बरीच पेवं गेली, आमचंही. पण गोदामाची पावती म्हणजे तीच अक्कल, फक्त जमिनीच्या वर. म्हणून मला रस्त्याकडेची अर्धा एकर विकणं पटत नाही. पाच महिन्यांच्या खर्चासाठी पाच महिन्यांत फिटणारी गोष्ट शोधायची, पिढीजात नाही.

पाटल्यांचंही तेच. कर्मवीरांच्या लक्ष्मीबाईंनी वसतिगृहातल्या पोरांना जेवू घालायला अंगावरचं सोनं मोडलं, हे आपल्याकडे सातारा-सांगलीत प्रत्येकाने शाळेत ऐकलेलं असतं. त्यामुळे शिक्षणासाठी सोनं मोडलं की आईला पुण्य लागल्यासारखं वाटतं. लक्ष्मीबाईंपुढे दुसरा रस्ता नव्हता. तुझ्या आईपुढे चार आहेत. अगदीच ऑगस्टमध्ये पन्नास हजार कमी पडले तर पाटल्या बँकेत तारण ठेवा, जानेवारीत उसाचं बिल आलं की सोडवा. मोडू नका.

शैक्षणिक कर्जाचं बघ, पण नीट शब्दांत माग. "मुलीला परदेशी पाठवायचंय" म्हटलंस की मॅनेजर परदेशी पदवीची फाइल उघडतो आणि दोन वर्षांच्या प्रवेशाचं पत्र मागतो. ते तुझ्याकडे नाही. तू म्हण, मी पुण्यातल्या बी.ए.साठी कर्ज मागते आणि हे सेमिस्टर त्याच पदवीचा भाग आहे. बँकांच्या नमुना कर्ज योजनेत अभ्यासदौरा, प्रकल्प, अभ्यासक्रम पूर्ण करायला लागणारा इतर खर्च बसतो. ४ लाखांपर्यंत तारण नाही आणि स्वतःचा हिस्साही घालावा लागत नाही. विद्यालक्ष्मी पोर्टलवर अर्ज कर आणि मग प्रत्यक्ष जाऊन बस. गावातली शाखा कदाचित नाही म्हणेल, कारण तिने असं प्रकरण पाहिलेलं नसतं. पुण्यात कॉलेजजवळच्या शाखेने पाहिलेलं असतं. कर्ज मंजुरीचं पत्र व्हिसाला पैशांची सोय म्हणूनही दाखवता येतं, तेव्हा एका दगडात दोन पक्षी.

शिष्यवृत्त्यांबद्दल आता गावात प्रत्येक जण एकेक नाव सांगेल. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची राज्य सरकारची परदेशी शिष्यवृत्ती, टाटांची १८९२ पासूनची कर्ज-शिष्यवृत्ती, रोटरीची ग्लोबल ग्रँट. नावं मोठी आहेत, पण त्या सगळ्या पदवीनंतरच्या पूर्ण शिक्षणासाठी. तू अजून बी.ए. आहेस आणि चाललीस एका सेमिस्टरला. त्यांच्यामागे एक महिना घालवू नकोस.

तुला लागू पडतील अशा दोनच. एक, फ्रेंच दूतावासाची. जॉर्ज शार्पाक नावाच्या शास्त्रज्ञाच्या नावाने आहे, १९९२ चं भौतिकशास्त्राचं नोबेल. आपल्याकडे सगळे चारपाक म्हणतात, तू फ्रेंचवाली, तू शार्पाक म्हण. तिच्यात एक्स्चेंजवर जाणाऱ्यांसाठी वेगळा प्रकार ठेवलेला आहे. या वर्षीची जाहिरात आणि तारीख कॅम्पस फ्रान्सच्या पानावर बघ. मार्कांइतकंच वजन तुझ्या अर्जातल्या पत्राला असतं, तेव्हा "मला फ्रेंच संस्कृतीची लहानपणापासून आवड आहे" असलं काही लिहू नकोस. मिरज तालुक्यातल्या हळदवाल्याच्या घरात फ्रेंच कुठून आलं, ते लिही. मला स्वतःला वाचायला आवडेल.

दोन, इरॅस्मस प्लस, म्हणजे युरोपीय संघाची विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीची योजना. हे तू एकटीने मागायचं नसतं. युरोपातलं विद्यापीठ अर्ज करतं, तुमच्या कॉलेजशी त्यासाठीचा वेगळा करार असावा लागतो, आणि असेल तर विद्यार्थ्याला दरमहा साडेआठशे-नऊशे युरो आणि प्रवासखर्च मिळतो. आपला सगळा हिशेब एका फटक्यात मिटतो. पण विचारलं नाही तर कोणी सांगत नाही. कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विभागात जाऊन एवढंच विचार: क्लेर्माँबरोबरच्या आपल्या कराराला इरॅस्मसचा पैसा आहे का? नसेल तर क्लेर्माँच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या कचेरीला फ्रेंचमध्ये मेल कर आणि त्यांच्याकडे येणाऱ्यांसाठी काही मदत आहे का ते विचार. सरळ, चार ओळींची मेल. त्यात तुझी व्याकरणाची चूक झाली तर कोणी हसणार नाही, विचारलंच नाहीस तर मात्र मी रागावेन.

यातलं काही मिळालं तरी माझे १९९४ चे पेढे आठव. शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता बहुतेक वेळा तिथे पोचून खातं उघडल्यावर हातात पडतो, आणि फ्रान्समध्ये परक्या माणसाचं खातं उघडायला आठवडे जातात. तेवढ्या दिवसांचे पैसे फोरेक्स कार्डावर घेऊनच निघायचं.

तिथल्या सवलती. घरभाड्याला सरकार मदत करतं, "काफ" म्हणतात, असं कोणीतरी तुला हमखास सांगेल. हिशेबात एक युरोही धरू नकोस. युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी ते नियम आवळत चाललेत, आणि एका सेमिस्टरच्या व्हिसावर तर अवघडच. पार्टटाइम कामाचंही तसंच. विद्यार्थ्याला वर्षाला ९६४ तास काम करता येतं, हे खरं. पण नवखी मुलगी, परका गाव, पाच महिने. त्यातले पहिले दोन वर्गात काय चाललंय ते कळण्यात जातील. मात्र एक शंभर युरो वाचवून देते. नाव नोंदवताना सीव्हेक नावाचा विद्यार्थी-कर मागितला जातो. करारावर एक्स्चेंजला आलेल्यांना तो माफ आहे. वेबसाइट घाईत भरायला लावते. भरू नकोस, आधी कचेरीला विचार.

आता ज्याचा तू पत्रात उल्लेखही केला नाहीस, आणि जो यातला सगळ्यात महाग भाग आहे. तिथल्या सेमिस्टरचे ३० क्रेडिट पुण्यात मोजले जाणार का? माझी एक विद्यार्थिनी अशीच गेली, छान राहून आली, मार्क उत्तम. परत आल्यावर तिच्या कॉलेजने, नाव घेत नाही, दोन पेपर "आमच्याकडच्याशी जुळत नाहीत" म्हणून धरलेच नाहीत. वर्ष गेलं. पुण्यातलं एक जादा वर्ष म्हणजे खानावळ, खोली, फी, दीड लाखाला मरण नाही. तिच्या विमानाच्या तिकिटाच्या दुप्पट. तेव्हा निघण्याआधी कागदावर घे: तिथला अमुक विषय इथल्या अमुक पेपराच्या जागी. विभागप्रमुखांची सही, परीक्षा विभागाचा शिक्का. याला लर्निंग ॲग्रीमेंट म्हणतात, तिथलं विद्यापीठ ते मागतंच, पण इथल्या परीक्षा विभागाचा शिक्का तू स्वतःहून माग. सर चांगले आहेत, सांभाळून घेतील, यावर राहू नकोस. चांगल्या सरांची बदली होते. हा शिक्का मिळाला नाही, तर मात्र नाव मागे घे. पैशापायी नाव मागे घ्यायचं कारण मला दिसत नाही, याच्यापायी दिसतं.

वडिलांसाठी चार ओळी, त्यांना वाचून दाखव.

भाऊ, चार महिन्यांत दिवे लागत नाहीत हे तुमचं बरोबर आहे. मीही पाच महिन्यांत विदुषी होऊन आले नव्हते. पण भाषा शिकणाऱ्याचं थोडं तुमच्या हळदीसारखं आहे. नऊ महिने शेतात असते, तरी शिजवून वाळवल्याशिवाय तिला बाजारात कोणी विचारत नाही. पोरगी पुण्यात चार-पाच वर्षं पुस्तकातलं फ्रेंच शिकेल आणि फोनवर समोरचा भरभर बोलला की गप्प होईल. मी तशीच होते. पुण्या-मुंबईत भाषांतराला, कंपन्यांच्या कामाला, शिकवायला बसवतात ते बोलणाऱ्याला. आणि तुम्हाला वाटत असेल की ही गेली की तिकडेच राहील, तर हा व्हिसा सेमिस्टरपुरता असतो आणि पदवी घ्यायला तिला परत पुण्यालाच यावं लागतं. तुम्ही बोलत नाही, याचा अर्थ ती "नको" असा लावते. नको असेल तर नको म्हणा, हो असेल तर पट्ट्या काढून द्या.

पुन्हा तुझ्याकडे. समजा सगळं करून या वर्षी जमलं नाही, हळदीचा भाव कोसळला, कर्ज अडलं. तरी रस्ता संपत नाही. पदवीनंतर फ्रान्समधल्या शाळांत इंग्रजीचे सहाय्यक शिक्षक म्हणून जाता येतं, भारतीय मुलांनाही. ऑक्टोबर ते एप्रिल सात महिने, आठवड्याला बारा तास, आणि महिन्याला आठशे युरोच्या आसपास पगार. म्हणजे तेच फ्रान्स, पण त्यांच्या पैशाने. तेव्हा तुझं फ्रेंच पक्कं हवं, म्हणून या सुट्टीत डेल्फ या फ्रेंचच्या परीक्षेची बी१ पातळी देऊन टाक, जमलं तर बी२. ते प्रमाणपत्र कधी शिळं होत नाही. एक्स्चेंजच्या अर्जालाही लागेल.

याच आठवड्यात तीन कामं. सोमवारी परीक्षा विभाग, शिक्क्याचं विचारायला. मंगळवारी आंतरराष्ट्रीय विभाग, इरॅस्मसचं. शनिवारी गावी येऊन वडिलांबरोबर बाजार समिती. तू बरोबर जा, आणि वही तुझ्या हातात असू दे.

आणि आईच्या प्रश्नाचं उत्तर. तूप, पेढे, खवा, चक्का यातलं काही नको. युरोपात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत, विमानतळावर काढून कचऱ्यात टाकतात, मग आईला वाईट वाटतं. चटणी, मसाले, हळद, मेतकूट, पोहे चालतात. भडंग दोन किलो दे म्हणावं, एक किलो पहिल्या आठवड्यात शेजारच्या खोल्यांतच संपतो. कुकर तीन लिटरचा, आणि त्याच्या दोन जादा रिंगा. तिथे शेगडी बहुतेक विजेची असते, तेव्हा सपाट बुडाचा बघून घे.